फूल कुणाकडं वाकलंय? करुणेवरचं अमूर्त फूलचित्र घरच्या घरी कसं करायचं

मागच्या दिवाळीला बैठकीत एक चित्र लावलं तेव्हापासून येणारं जाणारं प्रत्येक जण विचारतंय की कसं केलं, बोर्ड कुठला, रंग कुठले, आणि फोनवर अर्धवट सांगून सांगून मी वैतागले म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते. लांबलचक होणार आहे, चहा ठेवून बसा.

चित्र म्हणजे दोन बाय तीन फुटाचा आडवा बोर्ड आणि त्यावर कपाशीची दोन फुलं, पण ती फुलं आहेत हे सांगावं लागतं. माय गावाकडून परभणीला आली तेव्हा पहिल्यांदा बघून म्हणली, "ह्यात फूल कुठंय गं? मला तर दोन बाया बोलत बसल्यावानी दिसायल्यात." मी वरवर गप्प बसले पण आतून हवेतच गेले, कारण काढायचं तेच होतं.

आधी काय चाललंय ते ठरवा, फूल नंतर

बहुतेक जण रंगापासून सुरू करतात आणि तिथंच फसतात. नेटवर अ‍ॅबस्ट्रॅक्ट फ्लोरल म्हणून जे शेकड्यानं दिसतं त्यात गुलाबी-निळे फटकारे, थोडा सोनेरी वर्ख, दिसायला छान, हॉटेलच्या लॉबीत शोभतं, पण त्यात कुणाचं कुणाशी काही चाललेलं नसतं. आणि तत्त्वज्ञान आणायचं म्हणून कोपऱ्यात "करुणा" असं लिहायचं नसतं. मी लिहिलं होतं पहिल्या चित्रात, देवनागरीत, सोनेरी रंगानं. त्यावर आता पांढऱ्याचे दोन हात मारलेत.

मला सोपं पडलं ते असं. बौद्ध परंपरेत चार ब्रह्मविहार सांगितलेत, मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा, आणि योगसूत्रातही हेच चार शब्द याच क्रमानं येतात. आपल्याकडं घराघरात बुद्धवंदना होते तेव्हा हे शब्द कानावर असतातच, फक्त चित्रासाठी म्हणून आपण त्यांच्याकडं बघत नाही. मैत्री काढायची तर सारख्या आकाराची फुलं शेजारी शेजारी, कडा एकमेकींना लागलेल्या. मुदिता म्हणजे दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून होणारा आनंद, तिथं वर उघडणारे आकार आणि उजळ रंग चालतात. उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नाही हं, मराठीत तो अर्थ झालाय पण इथं समभाव, सुखात दुःखात मन सारखं ठेवणं, त्यामुळं मोठे शांत सपाट पट्टे आणि त्यात एखादीच रेघ. करुणेला मात्र दोन जण लागतात, एक अडचणीतला आणि एक त्याच्याकडं वळलेला. चारातलं एकच घ्या. मी चारही एका बोर्डावर बसवायला गेले होते, पूजेचं ताट दिसायला लागलं.

करुणेसाठी बघायचं कुठं तर आपल्याला लांब जायची गरजच नाही. अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यात आतल्या गाभाऱ्याच्या दाराशी, आपण समोर उभं राहिलं की डाव्या हाताला, पद्मपाणी आहे, पाचव्या शतकातला, करुणेचा बोधिसत्त्व. हातात निळं कमळ आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते कमळ त्यानं धरलंय कसं ते बघा, मूठ आवळलेली नाही, बोटांच्या टोकांवर नुसतं टेकवल्यासारखं. आणि पापण्या अर्ध्या मिटलेल्या, नजर खाली, मान कललेली, अंग तीन ठिकाणी वळलेलं. आजूबाजूला एवढी गर्दी रंगवलीय तरी त्याच्याभोवती शांतता आहे. सोमवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी जाऊ नका (आम्ही गेलो होतो, फर्दापूरच्या फाट्यावरून भजी खाऊन परत). आत उजेड कमी असतो, दोन मिनिटं डोळे सरावू द्यात, फोटोच्या मागं लागू नका, वही काढून फक्त ती कललेली रेघ उतरवून घ्या, डोक्यापासून पायापर्यंत एकच रेघ.

दुसरं म्हणजे पैठणच्या एकनाथ महाराजांची गोष्ट. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला न्यायची आणि वाटेत वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला ते पाणी पाजलं. लहानपणापासून ऐकतोय, पण मी ती डोळ्यापुढं चित्र म्हणून कधी आणलीच नव्हती. गाढव आडवं पडलंय म्हणजे पाजणाऱ्याला गुडघे टेकून वाकावंच लागणार ना, कावड जमिनीवर ठेवावी लागणार.

तर माझ्या चित्राचा सगळा खेळ एवढ्याच प्रश्नावर आहे, कोण कुणाकडं वाकलंय. बोर्ड निवडताना, रंग घालवताना, अडकल्यावर, प्रत्येक वेळी मी हेच विचारते आणि निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

यात एक मोठी चूक होते ती आधीच सांगते. माझ्या पहिल्या खटपटीत मोठं फूल वर उजव्या कोपऱ्यात आणि कोमेजलेलं लहान फूल खाली डाव्या कोपऱ्यात होतं, मोठं लहानाकडं बघतंय. नवरा म्हणाला, "साहेब पंचनाम्याला आल्यासारखं वाटतंय." बरोबर होतं त्याचं. वरून खाली बघितलं की कीव होते. मग मी कोमेजलेलं फूल वर घेतलं, ताजं खाली आणलं, म्हणजे ताज्याला त्याच्याकडं मान वळवून यावं लागतंय. तेवढ्यानं चित्राचा सूरच बदलला. तुम्ही पण दोघांना एका पातळीवर ठेवा, नाहीतर अडचणीतल्याला थोडं वर.

कोणतं फूल

मी कपाशी घेतली कारण माहेरी कापूसच आहे. दुसरं कारण म्हणजे हे फूल रंग बदलतं. नेहमीच्या संकरित कपाशीचं फूल उमललेल्या दिवशी फिकट पिवळसर पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मिटायला लागतं, मग सुकून गळतं आणि खाली बोंड धरतं. म्हणजे एकाच झाडावर आजचं फूल आणि कालचं फूल शेजारी दिसतात. देशी कपाशीचं वेगळं, ते चांगलं पिवळं आणि मधे तांबडा ठिपका. ऑगस्ट ते ऑक्टोबर कधीही शेतात जा, पाते (म्हणजे कळ्या), फूल, बोंड तिन्ही एका फांदीवर सापडतील.

माझं चित्र मग आपोआप ठरलं, आजचं फूल कालच्या फुलाकडं वाकलेलं.

पळस घेतला तरी चालेल, फेब्रुवारी-मार्चमधे पान नसतं आणि काळ्या मखमली देठातून केशरी निघतं, पण पळस फार मिरवतो, करुणेपेक्षा मुदितेला बरा. रुई, तरवड, करडई, जवसाचं निळं फूल, सगळी चांगली. गुलाब आणि ट्युलिप कृपा करून नको, ट्युलिप आपण कुणी बघितलंय?

आणि कपाशी म्हणलं की मराठवाड्यात लगेच दुःख आठवतं, ते खोटं नाही, पण भेगाळलेली जमीन आणि त्यातून उगवलेलं एक फूल हे चित्र काढू नका. त्याचं पार व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड झालंय. दुष्काळ बघणाऱ्याच्या घरातच असतो, त्याला भिंतीवर परत दाखवायची गरज नसते. वेचणीच्या बाया आठवा त्यापेक्षा, दिवसभर कमरेत वाकून, आणि एकीची पाटी मागं राहिली की शेजारची तिच्या ओळीत चार झाडं वेचून देते. मायची कंबर त्यातच गेली.

फुलाचं अमूर्त कसं होतं

अमूर्त म्हणजे मनाला येईल ते फासणं असं वाटत असेल तर थांबा. आधी नीट बघून काढायचं आणि मग कमी करत जायचं. खरं फूल समोर ठेवा, पाण्याच्या पेल्यात. पहिलं रेखाटन दहा मिनिटं, सगळं काढा, पाच पाकळ्या, त्या एकमेकींवर कशा चढल्यात, खालची ती दातेरी पानं. दुसरं दोन मिनिटांत. तिसरं वीस सेकंदात, मोबाईलवर टायमर लावून, आणि हे तिसरं किमान दहा वेळा. वीस सेकंदात हात जे वाचवतो तेच त्या फुलाचं मूळ. माझ्याकडं राहिलं ते असं, ताज्या फुलाची एका बाजूला पिळलेली वाटी आणि कालच्या फुलाची मिटलेली चुंबळ. बाकी सगळं गेलं, पानंही गेली.

मग ते दोन आकार कागदातून कापून घ्या, अगदी वर्तमानपत्राचे चालतील, आणि बोर्डाच्या मापाच्या कागदावर सरकवत बसा. यात एक संध्याकाळ घालवा, घाई नको. कडेला चिकटवून बघा, लांब करून बघा, इतके जवळ आणा की जवळजवळ लागतील. माझं शेवटी दोघांमधे साधारण एक वीत अंतर राहिलं. त्या वितीत काहीही काढायचं नाही. शेजारच्या काकू रोज येऊन म्हणायच्या, "इथं एक फुलपाखरू काढ की, मोकळं मोकळं दिसतंय." नाही काढायचं. दोन आकार मिळून बोर्डाचा तिसरा भाग झाला की पुरे, बाकी मोकळं. प्रत्येक मांडणीचा फोटो काढून ठेवा, नंतर आठवत नाही कुठली चांगली होती.

बोर्ड

अजिंठ्यात चित्राआधी भिंतीवरच किती काम केलंय, मातीत भाताचा तूस आणि झाडाचे तंतू कालवून लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर मग रंग. आपण मात्र दुकानातून कॅनव्हास आणला की लगेच ब्रश बुडवतो.

मी ६ मिमी एमडीएफ घेतलं, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड. प्लायवूडच्या दुकानात अख्खी आठ बाय चारची शीट घ्यायची गरज नाही, तुकडा कापून देतात. सुताराकडून मागं दीड इंची पट्टीची चौकट ठोकून घ्या नाहीतर सहा महिन्यांत बोर्ड पापडासारखा वळतो. कॅनव्हास का नाही तर मला पुट्टीचा उठाव हवा होता, आणि पुट्टी कापडावर टिकत नाही, कापड हललं की तडकते, एकदा अख्खी पाकळी माझ्या हातात आली होती. सपाट रंगवायचं असेल तर मांजरपाट चौकटीवर ताणून चुका मारून घ्या, झकास होतं आणि स्वस्त.

एमडीएफच्या कडा पाणी पितात, त्यामुळं पहिल्यांदा फेविकॉलमधे तेवढंच पाणी घालून कडांना आणि मागच्या बाजूला सुद्धा हात मारा. एकाच बाजूला मारलं तर वाकणार. पुढच्या बाजूला अस्तर घरीच करता येतं, दोन वाट्या खडूची पावडर, एक वाटी फेविकॉल, एक वाटी पाणी, अर्धी वाटी भिंतीला लावायचा पांढरा इमल्शन, सगळं चहाच्या गाळणीतून गाळून. तीन हात, पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा परत आडवा, मधे पूर्ण वाळू द्यायचं आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासायचं. खडूच्या जागी चुना घालू नका, चुना फार तिखट असतो, डोळ्याला हाताला त्रास आणि या मिश्रणात नीट बसतही नाही.

पाण्याचं सांगायचं राहिलं. आपलं बोअरचं पाणी जड, त्यात पातळ केलेला रंग वाळला की पांढरे डाग उठतात, मला वाटायचं रंगच खराब आहे. रंगात घालायला जारचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या, ब्रश धुवायला बोअरचं चालतं. धुवायलाही दोन डबे ठेवा, पहिल्यात मळ काढायचा आणि दुसऱ्यात खळबळायचं, म्हणजे पाणी सारखं बदलावं लागत नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं आपण बघितलंय, ब्रशासाठी नळ सोडून ठेवायला हात धजत नाही. रंगाचं पाणी झाडांना टाकू नका, डब्यात रात्रभर गाळ बसू द्या.

रंग

इथं मला सगळ्यात जास्त मजा आली. अजिंठ्याचे रंग बघा, गेरू, पिवळी माती, पांढरी, दिव्याची काजळी, आणि हिरवा सुद्धा दगडातूनच काढलेला. निळा तेवढा लाजवर्दाचा, तो बाहेरून आणलेला. मोजक्या मातीच्या रंगांवर एवढं सगळं उभं केलं. म्हणून मीही पाचच घेतले: गेरू, पिवडी (म्हणजे ती पिवळी माती), खडूचा पांढरा, शेतातली काळी माती आणि गुलाबीसाठी दुकानातला एक अ‍ॅक्रिलिक. नीळ ठेवली होती पण वापरली नाही.

काळी माती अशी घ्यायची. बादलीत माती भिजवून चांगली ढवळा, मिनिटभर थांबा म्हणजे खडे वाळू खाली बसते, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता. ते रात्रभर ठेवा, सकाळी वरचं निवळ पाणी काढा, खालचा लोण्यासारखा गाळ फडक्यावर वाळवा आणि खलबत्त्यात कुटा. एवढी मऊ होते की बोटाला कळत नाही. पण काळी माती वाळताना आकसते हे शेतात बघतोच आपण, म्हणून ती जाड लावायची नाही, पातळ हात आणि त्यात निम्मी खडू पावडर. तेवढं केलं की भेगा पडत नाहीत.

कोरडा रंग एक चमचा आधी थोड्या पाण्यात भिजवून मग दीड-दोन चमचे अ‍ॅक्रिलिक मिडीयम, म्हणजे रंग धरून ठेवणारं बिनरंगाचं द्रव. फेविकॉलही चालतो पण तो ओल लागली की मऊ पडतो, वरून वॉर्निश हवंच. फळकुटावर लावून वाळवा आणि बोटानं घासा, रंग बोटाला आला तर मिडीयम कमी पडलंय, प्लॅस्टिकसारखी चकाकी आली तर जास्त झालंय.

हळद, कुंकू, पळसाच्या फुलाचा काढा हे मोह आवरा. रंगपंचमीला ठीक, भिंतीवर उन्हानं उडून जातात. माझी हळदीची पाकळी दोन महिन्यांत पांढरी झाली.

रंगवायचे दिवस

उन्हाळ्यात करणार असाल तर सकाळी नऊच्या आत, कारण मे महिन्यात अ‍ॅक्रिलिक ब्रशवरच वाळतं. आणि कूलर बंद. कूलरसमोर बसून मी अख्खी एक सकाळ घालवली, वारा दमट आणि त्यातून येणारी धूळ सगळी ओल्या रंगावर, बोर्डावर बेसन पेरल्यासारखं. ताटलीत ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग घेतला तर तास-दोन तास ओला राहतो.

पहिल्या दिवशी फक्त जमीन, म्हणजे फुलांच्या मागचा रंग. काळी माती आणि खडूचा करडा, त्यात चिमूटभर गेरू, पाण्यासारखा पातळ, रुंद ब्रशनं पूर्ण बोर्डावर. वाळायच्या आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं मधून मधून पुसून काढा, विशेषतः ती मधली वीत, तिथं सगळ्यात उजेड राहिला पाहिजे. आमच्या गावाकडच्या घराची पोतारलेली भिंत असते ना, हाताच्या फिरण्याच्या कमानी दिसतात, तसं दिसलं की थांबा.

दुसऱ्या दिवशी उठाव. वॉल पुट्टीत पाण्याऐवजी निम्मं पाणी निम्मं फेविकॉल घालून घट्ट कालवा आणि आकाराच्या आतच, एका वेळी दोन-तीन मिलीमीटरपेक्षा जास्त नाही. ताज्या फुलाला मी जुन्या एटीएम कार्डानं ओढलं, बाहेरून आत, मनगट वळवत, पाच ओढी, प्रत्येक आधीच्या थोडी अंगावर. कालच्या फुलाला उठाव जवळजवळ नाहीच, फक्त बोटानं दाबून केलेल्या दोन-तीन वळ्या. हा फरक महत्त्वाचा आहे, सगळीकडं सारखा उठाव केला की डोळा कुठंच टेकत नाही. दोन दिवस वाळू द्या, पावसाळ्यात चार.

तिसऱ्या बैठकीत रंग. ताज्याला पांढऱ्यात थोडी पिवडी, कार्डाच्या कडेला घेऊन परत त्याच दिशेनं ओढायचा, म्हणजे उठावाच्या डोक्यावरच रंग बसतो आणि खोलगटीत जमिनीचा करडा राहतो. कालच्याला गुलाबीत गेरू मिसळा, नुसता गुलाबी बर्थडे केकसारखा दिसतो. त्याच्या कडा ओल्या फडक्यानं मऊ करा, कुठं फूल संपलं आणि कुठं जमीन सुरू झाली ते कळता कामा नये. दोन्ही फुलांचे देठ मी पऱ्हाटीच्या काडीनं ओढले, टोक दातणासारखं चावून घेतलं आणि काळ्या मातीच्या रंगात बुडवलं. रेघ थरथरते, तुटते, मधेच जाड होते. ब्रशनं अशी येत नाही, मी प्रयत्न केलाय.

आता वाकण्याची रेघ. ताज्या फुलाचा देठ खालच्या कडेतून निघून कालच्याकडं जातो, आणि जायची गंमत अशी की तो पोचत नाही, फूल वितीवर थांबतं. पद्मपाणीची ती एक रेघ वहीत होती ती समोर ठेवून मी कागदावर तीस-चाळीस वेळा काढली आणि मग बोर्डावर एका श्वासात. चुकली. पुसली, परत. तिसऱ्यांदा बसली. ओली असताना पुसली तर डाग राहत नाही, म्हणून फडकं हातातच ठेवा.

शेवटी पिवडी आणि भरपूर मिडीयम असा एकदम पारदर्शक हात, ताज्या फुलाच्या टोकापासून निघून मोकळ्या वितीवरून कालच्या फुलापर्यंत एकाच ओढीत. दिसतो न दिसतो इतका पातळ. त्यानं दोघी एका उजेडात येतात.

अडकलात तर

अडकणारच. मी आठ दिवस बोर्ड भिंतीकडं तोंड करून ठेवला होता. फोनवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाईट करून बघा, दोन्ही फुलं सारख्याच करड्या रंगाची दिसली तर रंग कितीही वेगळे असले तरी चित्र चपटं वाटणार, मग एकीला उजळ करा. चित्र उलटं धरून बघा, आरशात बघा. घरातल्या लहान पोराला विचारा की ह्यात काय चाललंय, काय आहे असं विचारू नका. माझ्या भाचीनं सांगितलं, "एक रुसलीय आणि एक समजूत काढतीय," आणि मी ब्रश धुवून टाकले. त्या दिवशी थांबले नसते तर नक्की काहीतरी सोनेरी लावलं असतं.

बिघडलंच तर पूर्ण पांढरं फासू नका. जो भाग बिघडलाय तेवढाच करड्यानं झाका आणि जुना रंग थोडा डोकावू द्या. माझ्या बोर्डाच्या वरच्या उजव्या बाजूला आधीचं ते साहेब-फूल अजून जरासं दिसतं, ओळखीच्यालाच.

वॉर्निश आणि टांगणं

आठवडाभर वाळवून मग पाण्याचं मॅट वॉर्निश, दोन पातळ हात. चमकदार नको, ट्यूबलाईट त्यात दिसते. ज्या भिंतीला लोणा आलाय किंवा पावसाळ्यात ओल येते तिथं लावूच नका, आणि साधी भिंत असली तरी बोर्डाच्या मागं चार कोपऱ्यांना बाटलीची झाकणं चिकटवा म्हणजे हवा खेळते. पश्चिमेच्या खिडकीसमोरही नको. चौकटीसकट वजन तीन-चार किलो होतं, सिमेंटच्या भिंतीला फिशर टाकून दोन स्क्रू पुरतात. माळवदाच्या घरात मातीच्या भिंतीला स्क्रू धरत नाही, तिथं जुनी खुंटी असेल तर दोरीनं टांगा, उलट जास्त शोभतं. दिवाणाच्या वर लावणार असाल तर चित्राची रुंदी दिवाणाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास बरी दिसते.

पुसायचं कोरड्या मऊ कापडानं. दसऱ्याच्या साफसफाईला कुणीतरी ओलं पोतेरं घेऊन येतंच, त्याच्या आधी उतरवून ठेवा.

उंचीचं म्हणाल तर चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटावर ठेवतात, उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर. मीही तसंच लावलं होतं. पण माय आली की दिवाणावर बसत नाही, खाली सतरंजीवर भिंतीला टेकून बसते, आणि तिथून तिला मान वर करून बघावं लागत होतं, म्हणून चित्र चांगलं फूटभर खाली घेतलंय. वरची दोन भोकं पुट्टीनं बुजवलीत, त्यावर रंगाचा हात मारायचा तेवढा राहिलाय.